एका वस्तऱ्याची टोळी

न्हावीआबांच्या खुर्चीत बसलं की गिऱ्हाईक फुकटात चाळीस वर्षं मागं जायचं. "तेव्हा माणसाला माणसाची किळस नव्हती," आबा फेस घोटत म्हणायचे. "रविवारी सगळी टोळी या बाकावर. एकच वस्तरा, एकच तुरटी. आता दर गालाला नवं पातं, जसा काही आधीच्याला कुत्रा चावलाय!"

टोळीतले शिंपी, गवंडी, सायकलवाला एकेक करून गेले. कुणाचं पोट फुगलं, कुणाचे डोळे पिवळे झाले. दारूनं खाल्लं, असं लोक म्हणाले. शिंप्यानं उभ्या जन्मात थेंब चाखला नव्हता, पण मेलेल्याच्या बाजूनं भांडतो कोण?

आबांची थोरली लेक दवाखान्यात नर्स. एकदा जेवताना सहज बोलून गेली, "एक कावीळ रक्तातून पसरते, आबा. वस्तऱ्यानंसुद्धा. वर्षानुवर्षं आत दबा धरून बसते."

"मी पातं पुसायचो की."

"कशाला?"

"तळहाताला."

लेकीनं नजर ताटात घातली. आबांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

तेव्हापासून रिकामा बाक करकरायचा. कुणीतरी सरकून जागा करून द्यावी, तसा. मागं शिंपी खोकायचा. आबा वळून बघत नसत. बघून बोलणार काय?

रविवारी पोस्टमन आला. टोळीतला उरलेला एवढाच.

"जुना वस्तरा काढ रे. हे नवं पातं बायकोच्या बोलण्यासारखं, नुसतं खरवडतं."

आबांनी त्याची खालची पापणी ओढली. आत पिवळट झाक होती.

"काय बघतोस? मी काय बाजारातला बैल आहे?"

"उद्या दवाखान्यात जाऊ. रक्त तपासून घेऊ. दुकान बंद ठेवतो."

"तू? आई गेली त्या दिवशीही दुपारी उघडलं होतंस!" पोस्टमन हसला. "मला काय धाड भरलीय? जुनी हाडं आहेत आपली. तेव्हाचं सगळंच कसं निर्मळ होतं. होय की नाही?"

या प्रश्नाला आबांचा होकार ठरलेला. आज मागं तीन माणसं कान देऊन बसल्यासारखी वाटली.

आबांनी नवं पातं फोडलं.

"अरे, बोल की! तेव्हा बरं होतं ना?"

"गाल हलवू नकोस," आबा म्हणाले. "कापलं, तर..."

आणि त्यांनी आपला तळहात सदऱ्याला खसखसून पुसला.