पेन्सिलीचे शेरे

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली झेरॉक्स-स्कॅनचं दुकान आहे, त्याच्या मालकाला सगळे बारीकराव म्हणतात. माणूस अंगानं चांगला ऐसपैस. उठला की खुर्चीही थोडी उठते. नाव पडलं ते कामावरून. लोक मोबाइलवर दाखल्याचा फोटो काढून आणतात, कोपऱ्यात स्वतःचा अंगठा, मागे चादर, आणि कुरकुरतात, "काका, साइट घेतच नाही, फाईल मोठी आहे म्हणते." बारीकराव फोटो सरळ करतात, कडा कापतात, रंग काढून काळा-पांढरा करतात आणि दोनशे केबीच्या आत बसवून देतात. "शिक्का दिसला, सही वाचता आली, बास. बाकी सगळी चरबी."

दिवसभर माणसांची रीघ, पण बोलणं तेवढंच. लोकांचे जन्म, घटस्फोट, ऑपरेशनं याच्या हाताखालून गेली. यानं कुणाला कधी एक प्रश्न विचारला नाही. नियम मात्र कडक: परक्याचा कागद दुकानात मुक्कामाला राहायचा नाही. बंद करताना टेबलावरचं सगळं कागद कापायच्या यंत्रात, आणि संगणकावरच्या मूळ फायली साफ.

त्यांची बायको वर घरी शिवणकाम करायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. मागे राहिली मापांची वही. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान; आकडे बॉलपेननं, शेजारी पेन्सिलीनं तिचे शेरे. लांब राहणाऱ्या मुलीनं रविवारच्या फोनवर ती वही मागितली. "टपालानं नको बाबा, हरवेल. स्कॅन करून पाठवा. मला आईचे शेरे वाचायचेत."

वही सपाट बसेना म्हणून यांनी शिवण उसवली, त्रेचाळीस पानं सुटी केली, स्कॅन केली. मेलला एवढं ओझं पेलेना. मग हाताला सवय होती तेच झालं. रंग काढला, चरबी काढली, फाईल गेली. आणि दुकान बंद करताना टेबलावरचं सगळं नेहमीसारखं यंत्रात गेलं. संगणकावरची मूळ फाईलही साफ झाली.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन. "बाबा, नुसते आकडे आलेत. शेरे कुठायत?"

काळ्या-पांढऱ्यात फिकी पेन्सिल टिकत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

मी पेन्शनचा कागद घेऊन खाली गेले तर शटर अर्धं ओढलेलं, आणि हे यंत्राच्या डब्यातल्या पट्ट्या निवडत बसलेले.

"काय शोधताय?"

"काही नाही, ताई."

"काही नाही शोधायला कुणी चष्मा लावून बसत नाही. बोला."

बोलले. बारा वर्षांत पहिल्यांदाच इतकं. मला गोड बोलून समजूत काढता येत नाही. म्हटलं, "मूर्खपणा केलात."

"हो, ताई."

"माझं पान काढा बघू."

मेलमधली फाईल उघडून त्यांनी पान छापलं. खांदा, बाही, उंची; शेजारी कोरी जागा. मी म्हटलं, "पेन्सिल घ्या. लिहा. 'उजवा खांदा उतरता. माप घेताना गप्प राहत नाही. श्वास सोडायला सांगावं लागतं.'"

"तिनं दाखवलं होतं तुम्हाला?"

"दाखवतेय कसली! मोठ्यानं वाचून ऐकवलं. दोघी इतक्या हसलो की मला टाचणी टोचली."

त्यांची पेन्सिल थांबली. "इतकी हसायची? मला कधी खाली ऐकू आलं नाही."

"तुमची यंत्रं दिवसभर घरघरत असायची, येईल कसं?"

ते एक पान त्यांनी रंगासकट, जसंच्या तसं पाठवलं. फाईल अवाढव्य झाली. पडद्यावरची रेघ मुंगीच्या पावलानं सरकत होती आणि हे हात मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत होते. मुलीचं उत्तर आलं: "अक्षर तुमचं, बोलणं आईचं. अजून?"

"बाकीची बेचाळीस?" त्यांनी मलाच विचारलं.

"मला काय ठाऊक! ज्यांची त्यांना विचारा." निम्म्या बायका घरं सोडून गेल्या, काही वर गेल्या, हे मी बोलले नाही. त्यांना ठाऊकच होतं.

आता वयानं जरा मोठी बाई आली की कागद सरळ करता करता बारीकराव चाचरत विचारतात, "तुम्ही कधी आमच्या हिच्याकडे शिवायला टाकलं होतं का?" बहुतेकींना घाई असते. आजवर तीन पानं भरली. उरलेली चाळीस छापून खणात ठेवलीत. संध्याकाळी यंत्र सुरू करण्याआधी ते खण दोनदा ओढून पाहतात, कुलूप लागलंय ना.