अफूची डबी आणि दुधाचा वाटा

बेगमपुऱ्यात सरूबाईच्या नातवाचं भारी कौतुक. आई लक्ष्मी दिवसभर कापसाच्या जीनमध्ये कामाला, बाप सांडू लांब लासूर स्टेशनावर हमालीला, आणि हे पोर झोळीत हूं की चूं न करता पडलेलं. त्यामागचं कारण कौतुक करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. निजामाच्या मुलखात अफू परवान्याच्या दुकानात उजळ माथ्यानं मिळायची, आणि कामाला जाणाऱ्या बायांची निम्मी पोरं तिच्यावरच झोपायची. सरूबाई गुडघ्यांसाठी म्हणून स्वतः घ्यायची आणि त्याच डबीतला कण बोटावर घेऊन नातवाला चाटवायची.

अफू खाणाऱ्याला दूध हवंच, नाहीतर अंग वाळतं, असं ती ठासून सांगे. म्हणून घरात येणारं तांब्याभर शेळीचं दूध तिचं. लक्ष्मी सगळ्यांच्या मागून जेवायची, उरलेली भाकरी आणि मिरची. सरूबाई दुष्ट होती का? छे! तिच्या सासूनं तिला असंच जेवू घातलं होतं. पण अंगावर पाजणारीच्या पोटात काय जातं, हे कुणी तरी बघायला नको का?

वर्षाचं होत आलं तरी पोर बसेना. बरगड्या वर आल्या. शेजारच्या फहमिदानं एकदा त्याच्या तोंडात बोट घातलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मावशी, ये तो चोखताच नै! इसकू आजच हकीमसाबकू दिखाव."

हकीमांनी आधी पोराला पाहिलं, मग सरूबाईचे डोळे.

"एकदम बंद करू नका, दगावेल. गोळी रोज घटवा, खुराक रोज वाढवा. पोराची तशी तुमची. दूध सुनेला द्या, तुम्ही मुगाचं कढण घ्या. आईच उपाशी, तर पोर कशाच्या जोरावर सुटणार?"

लक्ष्मीनं जीनमधलं काम सोडलं. डबी फहमिदाच्या घरी गेली, रोजचा कण तीच द्यायची. पोर रडायला लागलं ते थांबेचना. ओकायचं, थरथरायचं, छाती तोंडात घेईना. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजावं, तर निम्मं बाहेर. इकडे सरूबाईच्या पायांत गोळे, नाकाला धार. समोर सून दूध प्यायला बसली की म्हातारीला ते हिसकावून घ्यावंसं वाटे. एवढं करून तिनं एक गोळी पदराच्या गाठीत लपवून ठेवलीच होती.

एका दुपारी पोर रडून रडून काळंनिळं पडलं. लक्ष्मीचं ताट तसंच पडून होतं.

"आत्याबाई," ती हात जोडून म्हणाली, "असंल तर जरासं चाटवा. मला बघवत नाय."

सरूबाईनं गाठ सोडली. गोळी बोटावर आली. स्वतःच्याच तोंडात टाकावी, असं तिच्या रोमारोमाला वाटत होतं. तेवढ्यात आईच्या छातीकडे तोंड फिरवणाऱ्या त्या पोरानं आजीच्या बोटाकडे मान वळवली आणि आ केला.

सरूबाईनं बोट झटकन मागं घेतलं. ह्या लेकराला आई ओळखू येत नव्हती, हे बोट ओळखू येत होतं!

तिनं गोळी चुलीत टाकली.

"रडू दे त्याला," ती म्हणाली. "सांडूच्या आधी मला दोन लेकी झाल्या व्हत्या. कधी रडल्या नायत. लोक म्हणायचे, लई गुणाच्या. निजल्या निजल्याच गेल्या दोघी. मला वाटलं, देवानं नेल्या." तिनं ताट सुनेपुढं सरकवलं. "खा तू. तू खाल्लंस तरच ह्याला मिळंल."

लक्ष्मी रडत रडत जेवली, दूध प्याली. दर घडीला पोराला छातीशी धरत राहिली. दिवेलागणीला त्यानं पहिल्यांदा दूध ओढलं, आणि असं ओढलं की ती कळवळून ओरडली.

सरूबाई चुलीपाशी पाठ करून बसली होती. कढणाची वाटी तिच्या हातात होती, आणि हुंदक्यांमुळे घोट काही गिळवत नव्हता.