जियालालची बिमारगाडी

जियालाल रहांगडाले या माणसाने दहा वर्षं गुन्हा केला, आणि त्या गुन्ह्याला परवानगी मिळावी म्हणून दहा वर्षं मी अर्ज लिहिले. मी गोंदियाच्या तहसील कचेरीच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसणारा अर्जनवीस. लोक मला मुनशीजी म्हणत. मॅट्रिक झालो होतो, इंग्रजीत दोन पानं न अडखळता खरडता येत होती, म्हणून मी स्वतःला अर्धा बॅरिस्टर समजत असे. कचेरीत जाणाऱ्या-येणाऱ्या मूर्खांना मी व्हरांड्यातून हसायचो. आपण त्यांच्याच पंगतीत बसलो आहोत हे काही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

जियालाल चोरखमारा गावाच्या बाजूचा पोवार शेतकरी. तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारं खातंपितं घर. लढाईत तो फौजेत गेला, ब्रह्मदेशात जखमी शिपायांची गाडी चालवली आणि एक वेड घेऊन परत आला. आमच्याकडे माणूस आजारी पडला की त्याला बैलगाडीत तणसावर टाकायचा आणि गोंदियाच्या दवाखान्याकडे निघायचं. पोचायला अख्खा दिवस जायचा. त्यात कित्येकांचा निकाल वाटेतच लागायचा. १९४८ साली फौजेच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा जियालालने धानाच्या दोन बांध्या, म्हणजे शेताचे दोन तुकडे, विकले आणि तसलीच एक गाडी घरी आणली. आत दोन्ही बाजूंना खाली-वर अशी चार स्ट्रेचर. पत्र्यावरची उडालेली लाल फुली त्याने स्वतः रंगवली. आठ दिवसांत गावोगाव तिचं नाव पडलं, बिमारगाडी.

लोकांचंही काय सांगावं. साप चावलेल्या एका माणसाबरोबर सात जण चढायचे, त्यातले चार गोंदियाच्या बाजारात उतरायचे. पेट्रोलाचं कुणी विचारायचं नाही. जियालालला त्याचं काही वाटत नसे. रोगी दवाखान्याच्या पायरीवर उतरला की हा गडी टायरला टेकून बिडी ओढायचा आणि लग्नघरातल्या यजमानासारखा खुशीत दिसायचा.

मग पोलिसांनी गाडी अडवली आणि दुसऱ्यांची माणसं वाहून न्यायला सरकारी परवाना लागतो हे त्याला कळलं. तो माझ्याकडे आला. परवान्याची कचेरी रेल्वेने अर्ध्या दिवसावरच्या शहरात होती आणि तिच्या नियमांत दोनच जाती होत्या, माल आणि प्रवासी. मी लिहिलं, प्रवासी. पाच महिन्यांनी उत्तर आलं की वाहनात बसायच्या जागा किती ते कळवावं. मी कळवलं की बसायला जागा नाही, चार जण झोपून जातात. त्यावर सहा महिने विचार करून त्यांनी लिहिलं की झोपून जाणाऱ्या इसमाला प्रवासी म्हणता येत नाही. मग मी मालाचा अर्ज केला. उत्तर आलं, जिवंत इसमाला माल म्हणता येत नाही. त्यातल्या ‘जिवंत’ या शब्दाखाली कुण्या कारकुनाने तांबड्या शाईने रेघ मारली होती. याचा अर्थ काय, असं जियालालने विचारलं. मी म्हटलं, मेलेला असला तर विचार करतील. मी हसलो. तो हसला नाही.

तिसऱ्या अर्जात मात्र मीच माती खाल्ली. कचेरीतला नवा बाबू हिंदीवाला आहे असं कळलं, म्हणून मी ऐटीत हिंदीत लिहिलं, ‘बीमार गाडी चलाने की अनुमति दी जाए.’ या अर्जाचं उत्तर तीन आठवड्यांत आलं. बीमार गाडी रस्त्यावर आणणं धोक्याचं आहे, आधी तिची दुरुस्ती करून घ्यावी आणि तसा दाखला जोडावा. अख्खा व्हरांडा आठवडाभर हसत होता. स्टँपवाला मनिराम तर मला पाहिलं की गाडीची तब्येत कशी आहे म्हणून विचारायचा. मी त्या बाबूला शिव्या घातल्या, पण खरं म्हणजे मला माझ्या हिंदीचीच चीड आली होती.

पुढे १९५२ च्या सुमारास नियमांत ‘विशेष वाहन’ नावाची तिसरी जात निघाली. कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला असं आम्हाला वाटलं. पण त्या जातीत शिरायला अटी होत्या. गाडी उभी करायला पक्क्या फरशीची जागा हवी. जियालालने बैलांचा कोठा मोकळा केला आणि सिमेंट ओतून घेतलं. त्याची बायको गिरजा आयुष्यभर शेणाने सारवलेल्या जमिनीवर स्वयंपाक करत आली होती. ती म्हणाली की पुढल्या जन्मी मला गाडीच करा. पुढची अट होती दोन वर्षांच्या अनुभवाची. अर्जदाराने रोगी वाहून नेण्याचं काम दोन वर्षं केलं असल्याचा पुरावा द्यावा. परवान्याशिवाय ते काम करणं गुन्हा. म्हणजे गुन्हा न करता अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय परवाना नाही. असली अट लिहिणाऱ्याच्या घरात कुणी कधी आजारी पडत नसावं.

आम्ही सात गावांच्या पाटलांचे दाखले जोडले. खाजगी कागद चालत नाहीत म्हणून ते परत आले. त्याच वर्षी सव्वीस जानेवारीला गोंदियातल्या पुढाऱ्यांनी जियालालला शाल पांघरवून ‘दीनदुबळ्यांचा सारथी’ वगैरे म्हटलं होतं, मी तेही कळवलं. शाल हा दस्तऐवज होत नाही, असं उत्तर आलं. सरकारी कागद हवा होता, सही-शिक्क्याचा. ते उत्तर घेऊन जियालाल माझ्या टेबलापाशी उभा राहिला.

“मुनशीजी, तुमी लिहून राहिले, ते नाई म्हनून राहिले. अन् माणसं तिकडं मरून राहिले. मी का करू ते सांगा जी.”

आणि मला अक्कल सुचली. ज्या अकलेची मी आजवर फुशारकी मारत आलो, ती हीच. रोगी नेल्याची सरकारी नोंद एकाच कागदावर होते, चलानावर. पोलिसाने लिहायचं की अमुक तारखेला अमुक रोग्याला विनापरवाना घेऊन जाताना हा इसम सापडला. कोर्टाने त्यावर शिक्का मारायचा. अनुभवाचा याहून पक्का दाखला कोणता? मी हे सांगितलं तेव्हा जियालालने माझे पाय धरले. मी धरू दिले.

अडचण आली ती नाक्यावरच्या हवालदाराची. बिसराम हा भला माणूस होता. स्ट्रेचरवर कुणी कण्हताना दिसलं की तो दुसरीकडे पाहायचा आणि हाताने पुढे जा म्हणून खूण करायचा. पाच वर्षं त्याने एकही चलान लिहिलं नव्हतं, आणि आता तेच आमच्या मुळावर आलं होतं. जियालाल रोगी उतरवून उलटा नाक्यावर गेला आणि केस करा म्हणून बसून राहिला. मीही बरोबर होतो. बिसराम कानकोंडा झाला.

“काऊन रे बाबा, बिमार माणसाले दवाखान्यात नेऊन राहिला अन् तुह्यावरच केस करू? मले पाप लागन.”

मी त्याला अर्धा तास समजावलं. शेवटी त्याने लिहिलं, आणि ‘रोगी वाहून नेत असताना’ हे शब्द मी त्याला सांगून घातले. अशी दोन वर्षांत चौदा चलानं झाली. दर वेळी जियालाल कोर्टात वेळेआधी जाऊन गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा आणि हुकुमाची नक्कल मागायचा. एकदा चलानात बाळंतिणीचं नाव चुकलं होतं, तर हा पठ्ठ्या भर कोर्टात उभा राहून म्हणाला की साहेब, नाव दुरुस्त करा, माह्या कामाचा कागद आहे. मॅजिस्ट्रेटनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्यांना हा वेडा वाटला असेल. त्या कोर्टात त्या दिवशी शहाणा तोच होता.

चौदा हुकूम जोडून अर्ज पाठवला आणि १९५६ साली आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात ठेवला गेला. जुन्या कचेरीने कळवलं की तुमची फाइल आता आमची नाही. नव्या कचेरीने कळवलं की ती अजून आमची नाही. दीड वर्ष ती फाइल कुणाचीच नव्हती. पुन्हा नवा नमुना, नव्या नकला, आणि शेवटी १९५८ च्या उन्हाळ्यात सुनावणीचं बोलावणं आलं. जियालाल फौजेतला खाकी कोट घालून आला. मी नवं धोतर नेसलो होतो. रेल्वेत तो सारखा विचारत होता की परवाना काचेच्या चौकटीत लावायचा असतो की खिशात ठेवायचा.

साहेब तरुण होते, मृदू बोलणारे. त्यांनी चौदाही हुकूम एकेक करून वाचले. मला वाटलं, आता जिंकलो.

“अनुभव सिद्ध झाला आहे,” साहेब म्हणाले. “पण पाच वर्षांत तीनपेक्षा जास्त वेळा शिक्षा झालेल्या इसमाला परवाना देता येत नाही. तुम्हाला चौदा वेळा झाली आहे.”

मी इंग्रजीत बोलायला उठलो आणि माझी नजर त्या हुकुमांवर गेली. त्या शिक्षा मी करवून घेतल्या होत्या. त्यातला शब्द न् शब्द माझा होता. साहेबांनी पुढचं पान उलटलं. सराईत गुन्ह्यासाठी वापरलेलं वाहन जप्त करण्याचा नियम होता आणि पुरावा आम्हीच टाचण्या लावून, अनुक्रम घालून दिला होता. मी खाली मान घालून बसलो. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि त्यानंतर ती कधी पुरती गेलीही नाही. परतीच्या रेल्वेत जियालालने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

गाडी नेली. एका सरकारी आवारात ती पावसात उभी राहिली. जियालालने स्ट्रेचर तरी परत द्या म्हणून मागणी केली, त्यावर कचेरीने बराच खल केला आणि स्ट्रेचर हा मोटारीचा भाग नाही असं ठरवून चारही परत दिली. त्याने त्यातलं एक बैलगाडीवर पक्कं बसवलं, वर ताडपत्री ओढली आणि पुन्हा रोगी आणायला लागला. बैलगाडीला राज्याचा परवाना लागत नाही. फरशी लागत नाही, अनुभव लागत नाही. बिसराम नाक्यावर उठून उभा राहायचा, पण आता कुणाकडे कानाडोळा करायची त्याला गरज नव्हती.

१९५९ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. शेजारच्या गावचा कवडू, त्याची बायको रुख्मा बाळंतपणात अडली. जियालालने पहाटे बैल जुंपले. दुपार टळली तेव्हा ते गोंदियाच्या वेशीवरच्या कुडवा गावाजवळ होते, आणि तिथे रुख्माचं कण्हणं थांबलं. गाडी तरीही तो दवाखान्याच्या पायरीपर्यंत घेऊन गेला.

चार दिवसांनी तो व्हरांड्यात आला. बसला नाही. मी टेबलावरचे कागद उगाच सारखे करत राहिलो, कारण त्याच्याकडे पाहायची मला हिंमत होत नव्हती.

“मुनशीजी, एक अर्ज लिहा,” तो म्हणाला. “चौदा जन दवाखान्यात पोचले, तं माह्यावर चौदा केसी झाल्या. आता एक नाई पोचली. तिची केस कोन्या कलमात होते ते पाहा जी.”

तो थट्टा करत नव्हता. त्याला खरोखर ते कलम हवं होतं. दहा वर्षांत मला सगळे नियम तोंडपाठ झाले होते, पुस्तक उघडायची गरज नव्हती. मी त्याला सांगितलं की जियालाल, केस होत नाही. या वेळी सगळं कायद्याप्रमाणे झालं आहे.