हीटर चालला तरच महू

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, महूला जायचं होतं आणि डॉक्टरांनी एकच अट घातली होती: गार वारा छातीला लागता कामा नये. ऐंशीच्या दशकातला जानेवारी, अण्णांना दमा आणि तिकडे महूला त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, अंथरुणाला खिळलेली. त्या काळच्या एसटीच्या खिडक्या ज्यांनी भोगल्यात त्यांना मी काय सांगू? रेल्वेनं जायचं तर गाड्या बदला आणि फलाटावर कुडकुडत बसा. राहिली आमची मोटार.

ही मोटार म्हणजे माझी सवत. देवळाली कॅम्पातून बदली होऊन गेलेल्या एका साहेबांकडून आमच्या ह्यांनी घेतलेली जुनी विलायती गाडी. हॉर्न तिच्या मर्जीनं वाजायचा, मागचं दार आतून उघडायचं नाही, पण तिला हीटर होता. गंगापूर रोडवरचे शेजारी तो बघायला यायचे. लावायची वेळ मात्र आमच्यावर कधी आलीच नव्हती. जाण्याआधी अंगणात उभ्या गाडीत लावून पाहिला, मस्त ऊब आली. अण्णांनी त्याच दिवशी पिशवी भरली.

ऊन वर आल्यावर निघालो. बरोबर थर्मासमध्ये चहा, पोळ्या, तिळाची चटणी, अण्णांच्या गोळ्या. आग्रा रोड तेव्हा आजच्यासारखा रुंद नव्हता. समोरून ट्रक आला की एक चाक मातीत घालायचं आणि पुढे जायचं. पिंपळगावपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, आणि वारा असा की कान दुखावेत.

आणि हीटर? थंडगार.

"अहो, हा हीटर आहे की पंखा?" मी विचारलं.

"तापेल गं. जरा दम धर."

तापला, पण चांदवडच्या चढावर. मला वाटलं, चला, सुटलो. घाट उतरायला लागलो आणि पुन्हा पायांवर गार झोत. बंद करावा तर दारांच्या फटींतून वारा येतच होता. मागे अण्णा शाल, मफलर, कानटोपी आणि वर घोंगडी घेऊन बसले होते. "मला काही होत नाहीये, तुम्ही चला," असं म्हणत होते आणि त्यांच्या छातीतली शिट्टी मला पुढच्या सीटवर ऐकू येत होती.

मालेगावात एका हॉटेलापाशी गाडी थांबवली आणि मी सरळ सांगून टाकलं, इथून परत फिरायचं.

अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली. "परत फिरून काय करू? आक्काच्या फोटोला हार घालायला जाऊ मग?"

मी चिडले होते, आणि घाबरलेही होते. ह्यांनी मुकाट्यानं बॉनेट उघडलं.

आता जुनी गाडी बाळगणाऱ्यांसाठी थोडं नीट सांगते, कारण पुढचा तास त्यातच गेला. इंजिन निवल्यावर आधी रेडिएटरचं पाणी पाहिलं. भरलेलं होतं. हीटरकडे जाणाऱ्या नळीवर एक तोटी असते, ती अर्धवट उघडी असेल म्हणून पाहिली. पूर्ण उघडी. नळीत हवा अडकली असेल म्हणून ह्यांनी क्लिप सैल केली, पाणी चुळचुळलं, शर्टाची बाही भिजली, बाकी काही नाही.

अण्णांचा सगळा जन्म देवळालीच्या लष्करी वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये गेलेला. दुरुस्ती त्यांनी कधी केली नाही, पण कुठला पार्ट कशाला लागतो ते त्यांना पाठ. घोंगडीतूनच ते म्हणाले, "सुधाकरराव, इंजिन चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या नळीला हात लावून बसा. कधी गरम होते ते सांगा."

"लगेच कोमट व्हायला लागली की," हे म्हणाले.

"लगेच व्हायला नको. इंजिन तापेपर्यंत व्हॉलनं पाणी अडवून धरायचं असतं." आणि मग अण्णांनी कानटोपी जरा मागे सरकवली. "व्हॉल नाहीच तिथे. मीच काढायला लावला होता."

मागच्या मे महिन्यात कसारा घाटात गाडी तापली होती. तेव्हा आमच्याकडे सगळेच मिस्त्री जे करायचे तेच अण्णांनी करवून घेतलं होतं: थर्मोस्टॅट, म्हणजे हाच व्हॉल, काढून टाकला. त्याला ते 'विलायतेची भानगड' म्हणाले होते. त्यामुळे पाणी सारखं रेडिएटरमधून फिरायचं आणि वाऱ्यानं गार व्हायचं. चढावर किंवा उभ्या गाडीत तापायचं, सपाटीवर पुन्हा थंड. अण्णांना हसू फुटलं, हसण्यातून खोकला आला, आणि मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत त्यांना चांगलंच फैलावर घेतलं.

मालेगावात तो व्हॉल कुठून मिळणार! पण रेडिएटरला वाराच कमी लागला तर? ह्यांनी हॉटेलवाल्याकडे बिस्किटांचं रिकामं खोकं मागितलं.

"खोकं शे ना, लई जा भाऊ," म्हणत त्यानं खोकं हातात दिलं.

पुठ्ठ्यानं रेडिएटर निम्मा झाकून सुतळीनं बांधला. सगळा झाकू नका, इंजिन जळेल. मी गावाबाहेर थोडं जाऊन बघायला तयार झाले, त्याहून जास्त नाही. झोडग्याच्या आधीच पायांना ऊब लागली. मी मागे वळून पाहिलं तर अण्णांनी मफलर सोडला होता.

धुळ्यात मुक्काम केला. लॉज साधा, पण गरम पाणी बादलीभर मिळालं. शेवभाजी तिखटजाळ होती, अण्णांनी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी बिजासन घाटाच्या पायथ्याशी पुठ्ठा काढला, घाट संपल्यावर पुन्हा बांधला. ह्यांची नजर रस्त्यापेक्षा तापमानाच्या काट्यावरच जास्त. खलघाटला नर्मदेच्या पुलावरून हळू नेली. दुपार कलताना महू.

आत्यानं आधी ओळखलंच नाही. अण्णांनी टोपी काढली तेव्हा म्हणाली, "एवढा म्हातारा कधी झालास रे?" आणि मग तिनं त्यांचा हात धरला तो सोडेचना. दोघं दोन दिवस भांडत होती, लहानपणी चिंचेच्या झाडावरून कुणी कुणाला ढकललं यावर.

घरी परतलो तेव्हा अण्णांची छाती ठीक होती, आमच्या ह्यांना मात्र सर्दी. त्या उन्हाळ्यात महूहून तार आली. आत्या गेली होती. भर उन्हात अण्णांना प्रवास झेपणार नव्हता, त्यांनीही हट्ट धरला नाही. कॉलनीतले लोक भेटायला येत, जयभीम करून खुर्चीवर बसत. मग अण्णाच त्यांना सांगत, "मी जाऊन आलो होतो."