नापासाचे पेढे

पाचपावलीच्या त्या गल्लीत नापास झालेल्या पोरीचे पेढे कोणी वाटले असतील, तर ते एकट्या तुळसाबाईनं. तेही चोरून नाही, चांगले घरोघर जाऊन!

साल एकोणसत्तर. मॅट्रिकचा निकाल पेपरात आला आणि तिच्या वच्छलाचा नंबर त्यात नव्हता. पानठेल्यावर पेपर उलटासुलटा करून झाला, तरी नव्हता. पोट्टी आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसली. मग शाळेतून गुणपत्रक आलं तेव्हा कळलं, की सगळे विषय निघाले, इंग्रजी तेवढं राहिलं.

तुळसाबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं. ती गिरणीत सुताच्या खात्यात राबायची, पण डोकं शाबूत होतं. थोरला वसंत सातवीतच शाळेला रामराम ठोकून गिरणीत चिकटला, तेव्हा कोणी ब्रही काढला नव्हता. आणि ही पोरगी घराण्यातल्या बायकांत पहिल्यांदा मॅट्रिकपर्यंत पोचली, तर तिच्या एका विषयाचा गल्लीभर डंका! तुळसाबाईचं रक्त नुसतं उकळत होतं.

खरी धास्ती मात्र चंपतरावांची होती. हे तिचे थोरले दीर, रामटेककडं धानाची शेती करणारे. पोरगी पास झाली तर नर्सिंगला जाईल, नापास झाली तर मी म्हणेन तिथं लग्न, असा शब्द त्यांनी दिवाळीतच तुळसाबाईच्या नवऱ्याकडून, रामाजीकडून, घेतला होता. रामाजी सज्जन माणूस. इतका सज्जन, की थोरल्या भावापुढं त्याला 'हो' सोडून दुसरा शब्द फुटत नसे. आणि तुळसाबाईनं बोलायचा तर प्रश्नच नव्हता. थोरल्या दिरासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, हा घरचा रिवाज. लग्नाला वीस वर्षं झाली, पण काय असेल ते दाराआडून, नवऱ्यामार्फत.

उद्या येतो, असा चंपतरावांचा निरोप आला. त्या संध्याकाळी गिरणी सुटल्यावर तुळसाबाई तडक हलवायाकडं गेली.

"कोण पास झालं, बाई?" त्यानं हसून विचारलं.

"पोट्टी नापास झाली. ताजे दे, कालचे नको देऊ."

घरी येऊन तिनं ताट वच्छलाच्या हातात दिलं. पोरीला रडूच फुटलं. "माय, लोक हसतीन न वं!"

"हसू दे. तोंडात पेढा असला का हसणं जमत नाही धड. ऊठ!"

निघाल्या मायलेकी. दारोदार तुळसाबाईचं एकच पालुपद, "घ्या, वच्छला इंग्रजीत राहिली, ऑक्टोबरमधी पुन्हा परीक्षेले बसणार आहे."

शेजारची बायजाबाई फिसकन हसली. "नापासाचे पेढे वं?"

"काहून? बाकीचे विषय काय तू पास केले?"

बायजाबाईनं गुपचूप पेढा तोंडात टाकला. सगळ्या गल्लीनं टाकला. आता पोरगी परीक्षेला बसली नाही, तर रामाजीला गल्लीत तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. आणि तुळसाबाईला नेमकं तेच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी चंपतराव खाटेवर ऐसपैस बसले. "मुलगा पाहून ठेवला गा, रामाजी. शब्द दिला होता तू."

दाराआडून आवाज आला, "तुमच्या भावाले सांगा, अख्ख्या गल्लीनं पोरीच्या नावानं तोंड गोड केलं. त्यायलेही पेढा द्या."

रामाजीनं बाहेर पाहिलं. बायजाबाई उंबऱ्याशी कान देऊन उभी होती. त्याला घाम फुटला. पण बोलला बिचारा, "दादा, पोट्टी ऑक्टोबरात बसन."

चंपतरावांनी पुढं केलेलं पेढ्यांचं ताट लोटून दिलं. "नापासाचं गोड मी खात नसतो!" आणि पाणीही न पिता निघून गेले.

पुढं गंमतच झाली. पेढा खाल्लेला जो तो वच्छलाला अडवून अभ्यासाचं विचारायला लागला. बायजाबाईनं तर संध्याकाळचा रेडिओच बंद ठेवला. डिसेंबरात निकाल लागला आणि या वेळी नंबर पेपरात होता. गल्ली पेढे मागायला दारात आली.

"तुमचे जूनमधीच खाऊन झाले!" म्हणून तुळसाबाईनं सगळ्यांना हसतहसत वाटेला लावलं आणि हलवायाकडून एक पेढा आणला. फक्त एक.

सुट्टीच्या दिवशी लेकीला घेऊन ती दिराच्या गावी गेली. रामाजीला मुद्दामच नेलं नाही. चंपतराव ओसरीवर बसले होते. तुळसाबाई डोक्यावर पदर घेऊन थेट त्यांच्यासमोर उभी राहिली आणि पुडी सोडली.

"भाऊजी, हा तुमचा. जूनपासून राहिला होता."

चंपतराव दचकले. उत्तर कोणामार्फत द्यावं म्हणून त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. मध्ये कोणीच नव्हतं. शेवटी त्यांनी पेढा घेतला आणि बाजूला ठेवायला लागले.

"ठेवू नका जी," तुळसाबाई म्हणाली. "आत्ता खा. मले पाहायचं आहे."