नळाचा आधार

९ फेब्रुवारी. बाथरूमची फरशी घासून उठताना मला नळ धरावा लागला. हाताला फिनाईलचा वास होता आणि एकदम सानपाड्याची आत्या आठवली.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा ती संडासात बसली आणि तिला उठताच येईना. आतून म्हणाली, "सुनेला नको गं, तूच ये." मी दार ढकललं. घाणीत भरलेली साडी, कोंदट वास आणि माझ्या गळ्यात पडलेले तिचे लिबलिबीत हात. मला ओकारी आली. तिला धुऊन बाहेर आणलं, तर तिचा मुलगा पाहुण्यांना कौतुकानं सांगत होता, "आमी आईला पाण्याचा ग्लासपण उचलू देत नाय. फुल आराम!" त्या आरामानंच आत्याच्या पायांतला जोर गेला होता.

हातांची घाण साबणानं गेली. त्या वाक्याची किळस आज जास्तच येते, कारण हल्ली माझा मुलगाही म्हणतो, "आई, तू बस ना."

१० फेब्रुवारी. सकाळी मी खुर्ची भिंतीला लावली, हात छातीशी बांधले आणि कशाचाही आधार न घेता उठबस सुरू केली.

"हे काय आता?" मुलानं विचारलं.

"संडासाची तयारी," मी म्हटलं आणि पुन्हा उठले.