डाव्या खांद्याचा माणूस

महादेव गायकवाड यांच्याबद्दल मी एका सरकारी अहवालात खोटं लिहिलं होतं. ते गेल्याला आता दीड महिना झाला. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी स्वारगेटच्या सिग्नलला अडकलो होतो. "काका, बाबा सकाळी गेले," एवढंच ती म्हणाली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत राहिल्या आणि माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते तेच वाक्य... मी लिहिलेलं.

आमच्या खात्यात बंदुकांची रचना होते. मी नवा इंजिनिअर होतो तेव्हा आम्ही बुलपप रायफल करत होतो. हिच्यात गोळ्यांचं मॅगझिन ट्रिगरच्या मागे, दस्त्यातच असतं, त्यामुळे नळी लांब ठेवूनही बंदूक आखूड होते. पण मग गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी बाहेर पडते ती थेट गालाशेजारून. उजव्या खांद्यावरून झाडणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, कारण ती पलीकडच्या बाजूने उडते. गायकवाड डावखुरे होते. रेंजवर चाचणीच्या गोळ्या झाडणं हे त्यांचं काम, आणि त्या कामाचा त्यांना फार अभिमान. पहिल्याच दिवशी तापलेली पुंगळी त्यांच्या डाव्या गालावर बसली. चटका दाखवत ते मला म्हणाले, "साहेब, बंदुकीला माझा गाल दिसत नाही, निदान तुम्हाला तरी दिसू दे."

मला दिसला होता. पण ती माझी पहिली रचना होती आणि दोष कागदावर आला असता तर सगळंच लांबलं असतं. चाचणीच्या अहवालात मी शेरा लिहिला: 'झाडणाऱ्याची पकड चुकीची.' एका ओळीचा शेरा. त्यावरून महिन्याभरात गायकवाडांना रेंजवरून काढून मॉडेलच्या खोलीत लाकूड तासायला बसवलं.

तिथेही ते गप्प बसले नाहीत. काही वर्षांनी दुसऱ्या पिढीच्या रायफलचं काम निघालं, तेव्हा त्यांनी सागवानाचा एक छोटा तिरका ठोकळा करून माझ्या टेबलावर ठेवला. पुंगळी त्यावर आपटून पुढे उडावी, तोंडाकडे येऊ नये, अशी कल्पना. "बसवून बघा. नाही जमलं तर कपाखाली ठेवा, टेबलावर डाग पडणार नाहीत." जमलं. तोच आकार पुढे धातूत आला. दुसऱ्या पिढीत ट्रिगर हलका झाला, मॅगझिन पटकन निघायला लागलं, पण रेंजवरच्या लोकांनी सगळ्यात जास्त नावाजला तो हा आडोसा.

मग दोन्ही पिढ्यांची तुलना करणारा अहवाल मलाच लिहायचा होता. एकीकडे जुनी रचना, शेजारी नवी. आडोशासमोर जुन्या रचनेच्या रकान्यात खरं लिहायचं तर माझा तो शेरा खोटा होता हे लिहावं लागलं असतं. मी लिहिलं, 'या दोषाची तक्रार आली नव्हती.' आडोसा कोणी सुचवला, तेही लिहिलं नाही. गायकवाडांनी तो अहवाल उभ्याउभ्या वाचला, परत माझ्या हातात दिला. "टायपिंग स्वच्छ आहे हो. एक चूक नाही." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते माझ्याशी नीट बोलत राहिले, चहाही विचारत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं...

अंत्यविधीला मी गेलो आणि काही न बोलता परत आलो. पुढच्या आठवड्यात ऑफिसात त्या तुलनेच्या अहवालाला दुरुस्तीची टीप जोडली, खाली माझी सही केली. पण खात्याचा कागद बाहेर नेता येत नाही. जे सांगायचं ते तोंडानेच सांगावं लागणार होतं. म्हणून गेल्या रविवारी बिबवेवाडीला त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं. मी रेंजचा विषय काढला तर त्याच म्हणाल्या, "ते काम यांनी आपणहून सोडलं ना. कानाला त्रास होतो म्हणाले. चांगलं चाललं होतं, पण हट्टी माणूस."

म्हणजे काढून टाकल्याचं त्यांनी घरी कधी सांगितलंच नव्हतं. मला गप्प बसायला पुन्हा एकदा सोय झाली होती, आणि या वेळी तर त्यांची लाज राखण्याचं कारणही होतं. मी पाण्याचा ग्लास रिकामा केला. मुलगी दारात येऊन उभी राहिली होती.

"वहिनी, त्यांनी सोडलं नाही. त्यांना काढलं," मी म्हणालो. "मी खोटं लिहिलं म्हणून काढलं. त्यांची पकड बरोबर होती, बंदूक माझी चुकली होती. नंतर ती सुधारली तीही त्यांनीच, आणि मी तेही लपवलं. हे त्यांच्यासमोर म्हणायला हवं होतं, माझी हिंमत झाली नाही. माझं चुकलं. मला माफ करा."